मान अवघडली, पाठीला रग लागली : खुर्चीवर दिवस काढणाऱ्या बडोदेकरांसाठी

संध्याकाळी सुटायच्या वेळी अलकापुरीतल्या कुठल्याही ऑफिसच्या लिफ्टपाशी पाच मिनिटं उभं राहा. बाहेर पडणाऱ्यांचा एक हात मानेवर असतो, दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग असते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत दिवसभर ड्रॉइंग काढणारे डिझायनर, बँकेत काउंटरमागे बसणारे, रावपुऱ्यात हिशेब लिहिणारे आणि गोत्रीला घरीच लॅपटॉप उघडून बसलेले, सगळ्यांची तक्रार ऐकायला सारखीच वाटते: "मान आणि पाठ दुखते." नीट विचारलं की कळतं, दुखणी वेगवेगळी आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत.

आपल्या भाषेत यासाठी चार वेगळे शब्द आहेत. आपलं दुखणं त्यातलं कुठलं, हे आधी ठरवा.

अंग अवघडलं असेल, म्हणजे बराच वेळ एकाच ठेवणीत राहिल्याने ताठरलं असेल, तर उठून चार पावलं चाललं की मोकळं होतं. याला तेल नको, गोळी नको, फक्त वेळच्या वेळी हालचाल हवी.

रग लागली असेल, तर दुखणं एका जागी बसतं. बहुतेकांची जागा मान आणि खांदा यांच्या मधली, नाहीतर खांद्याच्या पात्याची आतली कड. सकाळी काही नसतं, दुपारी चारनंतर ठणका सुरू होतो. एखादा स्नायू तासन्‌तास थोडं थोडं ओझं न सोडता धरून बसला, की असं होतं. इथे टेबल-खुर्चीची मापं बदलावी लागतात आणि तो स्नायू मजबूतही करावा लागतो.

उसण भरली किंवा मान लचकली, तर ती एका झटक्यात भरते. खाली पडलेलं पेन उचलताना, आळस देताना, किंवा सकाळी उठताना. पहिले २-३ दिवस जपायचं, पण अंथरुण धरायचं नाही.

मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, तर प्रश्न स्नायूचा नसून शिरेचा, म्हणजे मज्जातंतूचा असू शकतो. तिथे चोळून काही होत नाही. त्याबद्दल शेवटी.

"ताठ बस" हा सल्ला अपुरा का पडतो

लहानपणापासून ऐकलेला हा सल्ला चुकीचा नाही, पण कोणीही आठ तास ताठ बसू शकत नाही. ताठ राहायलाही स्नायूंना काम करावंच लागतं आणि दीड तासात त्यांनाही रग लागते. स्वीडनमधले डॉ. आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात कण्याच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा बसल्यावर दाब जास्त असतो, हा समज तिथून रुजला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकावर पुन्हा मोजमाप केलं. सैल उभं राहताना दाब ०.५ मेगापास्कल आला, आधाराशिवाय सैल बसल्यावर ०.४६, आणि खुर्चीत मागे रेलून पसरल्यावर ०.३ च्या आसपास. पाठ वाकवून २० किलो वजन उचलताना मात्र तो २.३ वर गेला. मोजणी एकाच माणसाची आहे, त्यामुळे आकडे धरून बसू नका, पण दिशा स्पष्ट आहे: थोडं मागे रेलून बसण्यात काही पाप नाही. दुखणं वाढतं ते बसण्याची ठेवण तासन्‌तास न बदलल्यामुळे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मापं, मग हालचाल, मग आजचं दुखणं, आणि सगळ्यात जास्त दिवस चालवायचं ते ताकदीचं काम. बहुतेक लोक थेट मालिशपासून सुरुवात करतात, आणि आठवड्याभरात दुखणं परत येतं.

टेप घेऊन बसा

शिंप्याची टेप घ्या आणि शेजारच्या सहकाऱ्याला पाच मिनिटं मदतीला बोलवा. रोजची चप्पल किंवा बूट घालूनच बसा. पावलं जमिनीवर सपाट टेकवा, दंड सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. ही झाली तुमच्या कोपराची उंची. आता टेबलाची उंची मोजा. ऑफिसची टेबलं बहुधा ७५ सेंटिमीटरच्या, म्हणजे ३० इंचांच्या आसपास असतात. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाचं कोपर मात्र साधारण ६२-६३ सेंटिमीटरवर येतं. मधल्या १२ सेंटिमीटरची भरपाई कोण करतं? खांदे. कीबोर्डपर्यंत हात पोचवायला ते दिवसभर उचललेले राहतात, आणि मानेशेजारची ती रग तिथूनच येते. ज्यांचा खांदा रोज संध्याकाळी दुखतो, त्यांनी व्यायामाच्या आधी हे माप घ्यावंच.

टेबल कापता येत नाही, म्हणून खुर्ची वर घ्यायची. कोपर टेबलाच्या पातळीला किंवा किंचित वर येईल इतकी. मग पाय लोंबकळतात आणि मांडीच्या मागे खुर्चीची कड रुतते. खुर्ची जितकी चढवली, तितकाच उंच आधार पायाखाली घ्या. घरातले दोन पाट एकावर एक चालतात, घट्ट बांधलेला रद्दीचा गठ्ठाही चालतो, फक्त तो सरकता कामा नये. खुर्ची वर केली तरी तासाभरात आपोआप खाली बसत असेल, तर तिचा गॅसचा नळकांडा गेलेला आहे. खुर्च्या दुरुस्त करणारे तेवढाच भाग बदलून देतात, नवी खुर्ची घ्यायची गरज नसते.

टेबलाखाली कीबोर्डचा सरकता फळा असेल, तर उंचीचा प्रश्न बराचसा सुटतो. पण तिथे एक चूक हमखास दिसते: कीबोर्ड फळ्यावर आणि माउस वर टेबलावर. उजवा हात दिवसभर वर आणि पुढे ताणलेला राहतो, आणि दुखतो तो फक्त उजवा खांदा. फळा दोन्ही मावेल एवढा रुंद नसेल, तर आकड्यांची वेगळी बटणं नसलेला छोटा कीबोर्ड घ्या, माउस आपोआप जवळ येतो. हिशेबाचं काम करणाऱ्यांना ती बटणं लागतातच. त्यांनी माउस काही दिवस डाव्या हाताने वापरून बघावा. पहिला आठवडा जड जातो, मग सवय होते. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय मिटवून ठेवा. ते उघडले की मनगट वरच्या बाजूला मुडपतं.

बैठक अशी घ्या: कंबर पार मागे, खुर्चीच्या पाठीला टेकलेली. गुडघ्याची मागची बाजू आणि खुर्चीची कड यांच्यात २-३ बोटं जावीत. बोटं जात नसतील, तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे. मग टॉवेलची ८-१० सेंटिमीटर जाडीची गुंडाळी करून पट्ट्याच्या किंचित वर, कमरेच्या खळगीत ठेवा. फार वर ठेवली तर बरगड्या पुढे ढकलल्या जातात आणि पाठ अजून दुखते. खुर्चीची पाठ १०० ते ११० अंशांवर, म्हणजे काटकोनापेक्षा थोडी मागे कललेली ठेवा. हात ठेवायच्या दांड्या टेबलाला आडव्या येऊन तुम्हाला लांब ढकलत असतील, तर काढून टाका, दोन-तीन बोल्टचं काम असतं. आणि पुरुषांनी मागच्या खिशातलं पाकीट काढून ड्रॉवरमध्ये ठेवावं. त्यावर बसलं की कंबर एका बाजूला कलते आणि नितंबातून जाणाऱ्या शिरेवर दाब येतो.

स्क्रीन हाताच्या अंतरावर, म्हणजे साधारण ५० ते ७० सेंटिमीटर, आणि तिची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. दुहेरी नंबरचा चष्मा असेल तर हा नियम मोडा. स्क्रीन त्याहून ५-७ सेंटिमीटर खाली घ्या, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून वाचायला दिवसभर हनुवटी वर करावी लागते. दोन स्क्रीन असतील तर जिच्यावर जास्त काम, ती बरोबर समोर. मधल्या फटीकडे तोंड करून बसणारे दिवसभर मान वळवून असतात.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. त्याची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एक बरोबर ठेवलं की दुसरं चुकतंच. दिवसाला दोन तासांहून जास्त काम असेल, तर लॅपटॉप पुस्तकांच्या ढिगावर चढवा आणि वेगळा कीबोर्ड-माउस जोडा. या खर्चात कसर करू नका. आणि झोपाळ्यावर लॅपटॉप नको. आपल्याकडे घरोघरी झोपाळा असतो, संध्याकाळी तिथे बसावंसंही वाटतं. पण तिथे पाय सतत तोल सांभाळत असतात, मान खाली घालावी लागते आणि पाठीला एका जागी टेकता येत नाही. झोपाळा चहासाठी ठेवा.

उन्हाळ्यात एसीचा झोत थेट मानेवर येत असेल, तर त्याची पाती वर वळवा. गार वारा लागला की माणूस नकळत खांदे कानाकडे ओढून घेतो, आणि बाकी मापं कितीही बरोबर असली तरी रग लागते.

अर्ध्या तासाला एकदा

मापं जुळली तरी बसून राहण्याची सवय तशीच राहते. फोनवर दर ३० मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की फक्त उभे राहा. एक-दोन मिनिटं पुरतात. पाण्याची मोठी बाटली टेबलावर न ठेवता लहान पेला ठेवा, म्हणजे भरायला उठावंच लागतं. फोन आला की चालत बोला. डिझायनर मंडळी ड्रॉइंगमध्ये बुडाली की दोन तास हलत नाहीत. त्यांनी गजराऐवजी कामालाच खूण बांधावी: ड्रॉइंग सेव्ह केलं की उठायचं. माउसचं चाक दाबून धरत ड्रॉइंग सरकवण्याने मधल्या बोटावर आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूवर ताण येतो. जितक्या आज्ञा डाव्या हाताने कीबोर्डवर देता येतील तितक्या द्या आणि माउसचा वेग वाढवा, म्हणजे मनगट कमी फिरतं.

आज दुखतंय त्यासाठी

जुनी रग असेल तर शेक. गरम पाण्याची पिशवी, पाणी उकळतं नको, पिशवीला पातळ टॉवेल गुंडाळून १५-२० मिनिटं. मधुमेहाने ज्यांच्या कातडीची जाणीव कमी झाली आहे त्यांनी शेक स्वतः घेऊ नये, भाजल्याचं कळत नाही. मे महिन्यात बडोद्याच्या उकाड्यात पिशवी नकोशी होते, तेव्हा कोमट पाण्याने आंघोळ करताना मानेवर धार घेतली तरी चालतं. ताजी लचक असेल आणि जागा सुजली असेल, तर पहिल्या दोन दिवसांत बर्फ: कपड्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा.

शेकानंतर चेंडू. टेनिसचा जुना चेंडू एका मोज्यात घाला आणि मोज्याचं तोंड खांद्यावरून पुढे घेऊन हातात धरा, म्हणजे चेंडू पडत नाही. भिंतीला पाठ लावा, पावलं भिंतीपासून फूटभर पुढे. चेंडू कणा आणि खांद्याचं पातं यांच्या मधल्या मांसल पट्ट्यात आला पाहिजे. गुडघे हळूहळू वाकवत चेंडू वर-खाली फिरवा. एका जागी "इथंच, इथंच!" असं वाटेल. तिथे थांबा, श्वास सावकाश सोडा आणि ३०-४० सेकंद तसेच राहा. दाब दहापैकी पाच-सहा. दात आवळावे लागले तर पावलं भिंतीजवळ घ्या, दाब कमी होतो. एका बाजूला दोन मिनिटांपेक्षा जास्त नको. जोर लावला तर दुसऱ्या दिवशी जागा काळीनिळी होते आणि लोक म्हणतात, चेंडूने दुखणं वाढलं. कण्यावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला चेंडू कधीच नाही.

तिळाचं किंवा मोहरीचं तेल चोळायला हरकत नाही. आराम हाताच्या दाबाने आणि उबेने मिळतो, तेल स्नायूपर्यंत मुरत नाही. पण केस कापताना मान कडकन मोडून घेणं बंद करा. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण झालेली हानी कायमची असू शकते. मानेचा पट्टाही स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे लावू नका, स्नायू आळशी होतात. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोजच्या रोज घेऊ नयेत, पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या बाधतात.

हनुवटी मागे

ऑफिसात करायचा एकच व्यायाम निवडायचा तर हा. भिंतीला पाठ लावून उभे राहा, डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली किंवा जवळ. नजर समोर. आता हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे न्या, ड्रॉवर आत ढकलतो तशी. दुहेरी हनुवटी दिसते, दिसू द्या. कवटी आणि मान जिथे मिळतात तिथे हलका ताण जाणवला की बरोबर चाललंय. ५ सेकंद धरा, सोडा, असं ८-१० वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेकांची चूक एकच: हनुवटी मागे न्यायच्या नादात मान खाली घालतात. तसं होत असेल तर समोर भिंतीवर एक ठिपका ठरवा आणि नजर त्यावरून हलू देऊ नका. हातात कळ गेली तर तिथेच थांबा.

छातीसाठी दाराची चौकट पुरते. दोन्ही हात चौकटीला, कोपरं खांद्याच्या जरा खाली, एक पाय पुढे, ३० सेकंद, दोनदा. मांडीच्या पुढच्या बाजूसाठी एक गुडघा जमिनीवर टेकवा, दुसरं पाऊल पुढे, पोट आत घेऊन कंबर किंचित पुढे सरकवा, ३० सेकंद. यात पाठीची कमान होऊ देऊ नका, नाहीतर ताण कमरेत जातो. दोन्ही घरी, संध्याकाळी.

ताकद

ताणल्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण रग परत येऊ नये म्हणून स्नायू मजबूतच करावा लागतो. २०११ मध्ये डेन्मार्कमध्ये मान-खांदा दुखणाऱ्या १९८ ऑफिसकर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग यासाठी महत्त्वाचा आहे. एका गटाने आठवड्यातले पाच दिवस रबरी पट्ट्याने रोज २ मिनिटं व्यायाम केला, दुसऱ्याने १२ मिनिटं, तिसऱ्याने काहीच नाही. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं स्पष्ट कमी झालं होतं. १२ मिनिटंवाल्यांना थोडा जास्त फरक, पण २ मिनिटंही वाया गेली नव्हती. "वेळ नाही" म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगली बातमी नाही.

व्यायाम असा: दीड मीटरचा हलका रबरी पट्टा घ्या. दोन्ही पावलांनी तो मधोमध दाबून उभे राहा, टोकं हातात, अंगठे वर. हात बाजूने, पण अगदी सरळ बाजूला न नेता थोडे पुढे ठेवून, खांद्याच्या उंचीपर्यंत वर न्या. वर जायला २ सेकंद, खाली यायला ३. खाली येणं ढिलं सोडू नका, निम्मं काम तिथेच होतं. नीट जमेल तितके वेळा करा आणि दोन मिनिटांत थांबा. खांदे कानाकडे चढायला लागले, तर पट्टा जड आहे. पट्टा नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, महिन्याने एक लिटरच्या. पहिल्या खेपेनंतर अंग दुखेल. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग ओसरतं. लॅक्टिक ॲसिड साचल्याने ते होतं असं म्हणतात, पण ते तासाभरात निघून जातं. स्नायूंना सवय नसलेल्या कामाचे बारीक घाव बसतात, त्याचा हा त्रास असतो. हलकं चाला, एक दिवस विश्रांती द्या, मग पुन्हा करा.

कमरेसाठी: पाठीवर झोपून गुडघे वाकवा आणि नितंब आवळून कंबर वर उचला, १२ वेळा, दोन फेऱ्या. आणि खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठ-बस. बैठका घालणाऱ्यांना हे सोपं वाटेल. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रो. माणिकरावांची परंपरा असलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको. सूर्यनमस्कार येत असतील तर उत्तमच, ४ पासून सुरू करा. पुढे वाकताना कमरेत कळ आली तर गुडघे वाकवून घ्या.

स्कूटर, उत्तरायण, गरबा

जड बॅग पाठीला लावून स्कूटर चालवली की प्रत्येक खड्ड्याचा हादरा मानेवर येतो. बॅग पायाशी ठेवा. १४ आणि १५ जानेवारीला सगळं गाव मान वर करून गच्चीवर असतं. उत्तरायणाला दर दहा-पंधरा मिनिटांनी फिरकी दुसऱ्याकडे द्या आणि हनुवटी मागे घ्यायचा व्यायाम पाचदा करा. नवरात्रीत नऊ रात्री वाकून टाळ्या द्यायच्या तर महिनाभर आधी उठ-बस सुरू करा. वर्षभर खुर्चीत आखडलेल्या मांड्या पहिल्याच रात्री सैल होत नाहीत.

डॉक्टरांकडे केव्हा

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल, रात्री हात झटकून जाग येत असेल, तर मनगटातली शीर दबल्याची शक्यता असते. करंगळीत मुंग्या येत असतील तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवण्याची सवय तपासा. दोन्ही पायांना एकदम मुंग्या येत असतील आणि आहार शाकाहारी असेल, तर बी-१२ तपासून घ्या. दरवेळी दोष खुर्चीचाच असतो असं नाही.

पकड ढिली पडणं, बटणं लावायला न जमणं, चालताना तोल जाणं, ताप किंवा वजन घटण्यासोबतचं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, यांसाठी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली, अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखून मान ताठरली, किंवा छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात-जबड्यात कळ आली, तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

बाकी सगळ्यांनी सहा आठवडे हे करून बघावं. फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना काम करत असतानाचा बाजूने काढलेला एक फोटो, टेपने घेतलेली मापं आणि दुखणं दिवसात कितीला सुरू होतं याची आठवड्याची नोंद सोबत न्या. फोटो तुम्हाला न सांगता सहकाऱ्याला काढू द्या. कॅमेरा दिसला की प्रत्येकजण ताठ बसतो.